हवलदारसाहेबांची वकील-भरती

माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, त्याला सेफ्टी पिन लावलेली होती, आणि समोर बसलेले गृहस्थ नेमके माझ्या पायांकडे बघत होते. मी हळूच पाय टेबलाखाली ओढून घेतले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की ही माणसं माझा सल्ला घ्यायला आलेली नाहीत, माझी तपासणी करायला आली आहेत.

गृहस्थांचं नाव देवराव भोयर, फौजेतले निवृत्त हवलदार. मूळ गाव रामटेकजवळ, तिथली धानाची शेती भावाकडे, यांचं घर नागपुरात हुडकेश्वरला. शेजारी त्यांच्या पत्नी सुमनबाई, मांडीवर कागदांची पिशवी घट्ट धरून. मी वकील आहे. सक्करदऱ्याला आमच्या राहत्या घराच्या खालच्या खोल्यांत माझं ऑफिस आहे आणि माझं बरंचसं काम फौजी लोकांच्या पेन्शनचं असतं.

केस साधी होती, निदान सांगायला. नोकरीत असताना, नोकरीमुळे शरीर कायमचं अधू झालं, तर जवानाला नेहमीच्या पेन्शनवर आणखी काही मिळतं. त्याला डिसॅबिलिटी पेन्शन म्हणतात. देवरावजींचा उजवा गुडघा बर्फातल्या पोस्टिंगवर, पाठीवर ओझं घेऊन चढताना कामातून गेला होता. निवृत्त होताना मेडिकल बोर्ड बसतं, म्हणजे फौजेचे डॉक्टर जाणाऱ्याला तपासून शेरा देतात. यांचा शेरा असा होता: गुडघा खराब आहे, पण त्याचा नोकरीशी संबंध नाही. शिवाय, जवानाची काही तक्रार नाही. खात्यात केलेली अपिलं फेटाळून झाली होती. आता उरलं होतं ट्रायब्युनल, म्हणजे फौजी लोकांचं कोर्ट. तिथे हरले असते तर विषय जवळपास मिटलाच होता.

पेन्शनपेक्षाही सुमनबाईंना तो शेरा झोंबला होता. "नोकरीशी संबंध नाही म्हणते. मंग काय वरातीत नाचून मोडला? गावात लोक आता हेच बोलून राहिले, मॅडम. पिऊन पडला असन म्हणते."

देवरावजी भिंतीवरच्या माझ्या डिग्रीची चौकट सरळ आहे की नाही ते बघत होते. ती सरळ नव्हती.

माझ्याआधी ते तीन वकील बघून आले होते. मुलीसाठी स्थळं बघावीत तसं दोघांनी नागपूर पालथं घातलं होतं. पहिले वकील दिलेल्या वेळेच्या अर्धा तास उशिरा आले, तिथेच बाद झाले. दुसऱ्यांनी फाईल न उघडताच शंभर टक्के जिंकू म्हणून सांगितलं. देवरावजींचं म्हणणं, असा माणूस पोस्टवर सोबत नको. तिसऱ्यांचं कौतुक मात्र संपेना. मोठं ऑफिस, गार एसी, बूट असे चमकत होते की त्यात तोंड दिसावं, इंग्रजी तर फाडफाड. मला त्या माणसाचा मनापासून राग आला.

"मग त्यांनाच का नाही दिली केस?" मी विचारलं.

"तिथं जमलं नाही," देवरावजी म्हणाले आणि पुन्हा माझ्या डिग्रीकडे बघू लागले.

मी फाईल चाळली आणि विचारलं, "आता गुडघा कसा आहे?"

ते खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. "एकदम फस्क्लास, मॅडम!"

मी पेन खाली ठेवलं. फस्क्लास गुडघ्याचं अपील मी आजवर केलेलं नव्हतं. तेवढ्यात सुमनबाई नवऱ्याकडे न बघता, थेट माझ्याशी बोलू लागल्या. रोज तेल लावून चोळावं लागतं, पंगतीत मांडी घालून बसता येत नाही, धानाच्या बांधीत, चिखलात उतरणं तर सोडाच. "आन कोणी इचारलं का फस्क्लास. डॉक्टरले फस्क्लास, साहेबाले फस्क्लास. यायचं तोंडच तसं बनलं जी."

इथेच घोडं पेंड खात होतं. फौजेत साहेबाने 'कसा आहेस?' विचारलं की जवानाचं उत्तर ठरलेलं असतं. ते उत्तर नसतंच, सॅल्यूटचा उरलेला भाग असतो. मेडिकल बोर्डावरचे डॉक्टरही अधिकारीच. त्यांनी विचारलं, यांनी टाचा जुळवून ठरलेलं सांगितलं, आणि त्यांनी 'तक्रार नाही' लिहून घेतलं.

मी देवरावजींना कायदा समजावून सांगितला. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तुम्हाला धडधाकट म्हणून घेतलं. बाहेर पडताना गुडघा गेलेला. मग मधे काय झालं, ते सरकारने सांगायचं. नोकरीशी संबंध नाही एवढं म्हणून भागत नाही, का नाही याचं कारण द्यावं लागतं. जिंकूच अशी हमी देत नाही, पण लढण्यासारखं नक्की आहे. मी बरं बोलले असं माझं मलाच वाटलं.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "जरा हात धुऊन येतो."

मी मागचा दरवाजा दाखवला. ते गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी मनाशी म्हटलं, विचार करतायत. माणूस मोठे निर्णय एकांतातच घेतो. सुमनबाई मात्र त्या दरवाजाकडे दहावीच्या निकालाची वाट बघावी तशा बघत होत्या.

देवरावजी परत आले तेव्हा पहिल्यांदाच हसत होते. बायकोकडे बघून त्यांनी मान हलवली, माझ्यासमोर सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, केस तुमच्याकडं."

मी किती खूश झाले ते सांगता सोय नाही. त्या चमकत्या बुटांना माझ्या सेफ्टी पिनने हरवलं होतं. नवऱ्याला सांगितलं, कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये सांगितलं, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितलं. खरा क्लायंट झगमगाट बघत नाही, स्पष्ट बोलणारा वकील ओळखतो, असं मी बरेच महिने म्हणत होते.

केस दाखल झाली. सुनावणीला देवरावजींनी यावं अशी गरज नव्हती, पण ते यायचं म्हणत होते आणि त्यांना 'नको' म्हणायची माझी छाती नव्हती. मग त्यांना एक शब्द शिकवणं भाग होतं. 'दुखतं.' ऑफिसात आम्ही तालीम घेतली. मी अधिकारी झाले. "गुडघा कसा आहे?"

"फस्क्लास!"

पुन्हा. "थोडा गडबड हाये, पण काम चालू हाये, साहेब!"

पुन्हा. शेवटी सुमनबाईंनी सूत्रं हाती घेतली. त्या खणखणीत आवाजात विचारायच्या, आणि देवरावजी छाती काढून, समोरच्या भिंतीला उद्देशून ओरडायचे, "दुखते, साहेब!" शत्रूची चौकी ताब्यात घेतल्याची खबर द्यावी तसं. वरच्या मजल्यावरून सासूबाई काय झालं म्हणून बघायला खाली आल्या. जमतंय तेवढं पुरे, असं म्हणून मी तालीम थांबवली.

सुनावणीच्या दिवशी समोर दोघे जण बसले होते, एक माजी न्यायाधीश आणि एक निवृत्त फौजी अधिकारी. या कोर्टात अशीच जोडी असते. मी बोलायला उभी राहिले, सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात अधिकाऱ्यांचं लक्ष मागे ताठ बसलेल्या देवरावजींकडे गेलं. त्यांनी सहज, आपुलकीने विचारलं, "कैसे हैं, हवलदार साब?"

खुर्ची मागे सरकली, टाचा जुळल्या. "एकदम फस्ट क्लास, साब!"

मागच्या बाकावरून सुमनबाईंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. सरकारी वकील लगेच उठले. त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी होती. अपीलकर्ता स्वतःच सांगतोय की त्याला त्रास नाही, हे नोंदवून घ्यावं, असं ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, "आप कभी फौज में रहे हैं?"

"जी नहीं, सर."

"मैंने पूरी नौकरी जवानों से यही सवाल पूछा, और सबने यही जवाब दिया. उनमें से एक स्ट्रेचर पर था."

आयती संधी होती, मी ती सोडली नाही. मेडिकल बोर्डानेही यांना हेच विचारलं आणि यांनी हेच सांगितलं, मग त्या 'तक्रार नाही'ला किती किंमत द्यायची, एवढंच मी म्हटलं. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, गुडघा नोकरीत नाही गेला तर मग कशाने गेला? त्यांनी कागद चाळले, परत चाळले, आणि खाली बसले.

अपील मंजूर झालं. गुडघा नोकरीतच गेला, असं निकालात स्वच्छ लिहून आलं. निकाल कळला तसा सुमनबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तो कागद गावात पहिला कोणाला दाखवायचा, ते त्यांचं आधीच ठरलेलं होतं. मलाही भरून आलं, नाही कशाला म्हणू. देवरावजी निकालाचा कागद दोन्ही हातांनी धरून उभे होते. आसपास कोणी साहेब नाही हे बघून ते हळूच म्हणाले, "मॅडम, लय दुखते."

पुढच्या आठवड्यात दोघं घरच्या तांदळाची थैली घेऊन ऑफिसात आले. चहा झाला, देवरावजी हात धुवायला मागे गेले. ते नाहीत असं बघून मी सुमनबाईंना विचारलं, की एवढ्या मोठ्या वकिलाला सोडून हवलदारसाहेबांनी मला काय पाहून निवडलं? मला ते एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"खरं सांगू का, मॅडम?" त्या जरा लाजल्या. "यायले तेच वकील पसंत होते. पण तिथला संडास खाली बसाचा. यायचा गुडघा वाकत नाही. केस चालन दोन वर्षं, दर वेळी दोन-दोन तास बसा, मंग माणसानं कराव काय? तुमच्याकडं कमोड हाये."

तो कमोड सासरेबुवांच्या ऑपरेशननंतर, त्यांना जिना चढवेना म्हणून खाली बसवला होता, आणि ऑफिसच्या जागेत नसता खर्च म्हणून मी तेव्हा आठवडाभर धुसफुसले होते. डॉक्टरांच्या बोर्डाला जे कळलं नाही, ते देवरावजींनी वकील निवडतानाच सिद्ध केलं होतं, आणि मी ते पुरावा म्हणून दाखल केलं नव्हतं.

हल्ली नवे वकील मला विचारतात, क्लायंटचा विश्वास कसा मिळवायचा. मी सांगते, कायदा वाचा, तारखेला वेळेवर जा, खोटी हमी देऊ नका. आणि ऑफिस घ्याल तेव्हा डिग्री टांगायला सुतार बोलवायच्या आधी प्लंबर बोलवा.