टोपीची शिवण

पाचोऱ्याचे हिलाल नाना फोटो काढण्याआधी आपला तळहात सावलीत धरून बघत. त्यावरून उजेडाचा अंदाज घ्यायचा आणि वर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड कॅमेऱ्यात सोडायचा, ही पस्तीस वर्षांची सवय. निगेटिव्हवर सावलीतला चेहरा उमटला नाही तर तो परत मिळत नाही. पांढऱ्याला मात्र जास्तीचा उजेड पचतो, छापताना सावरता येतं.

डिजिटल कॅमेरा त्यांच्या मुलीनं, दिपमालानं, आणला. गेल्या श्रावणात नाना तो घेऊन जुन्या गिऱ्हाइकाच्या, भाईदास आबांच्या, गावी गेले. कानबाई ही खानदेशची देवी; तिच्या रोटांच्या सणाला आबांचे सगळे भाऊबंद, अगदी सुरतेहूनसुद्धा, घरी येतात. सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघण्याआधी अंगणात सगळ्यांचा एक फोटो होतो. नानांनी नेहमीसारखा एक स्टॉप जास्त दिला. चेहरे झकास आले, पण अकरा म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या टोप्या मागच्या चुन्याच्या भिंतीत विरघळून गेल्या.

"नाना, मनी टोपी कोठे गयी?" आबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "पुढल्या साली बी आशीच गयी, ते धुयाना फोटोवाला बलाई लेसू."

सत्तावीस वर्षं तो फोटो नानांनीच काढला होता. धुळ्याहून दुसरा बोलावण्याचं ते वाक्य त्यांना फार लागलं.

मग वर्षभर स्टुडिओच्या गच्चीवर माठावर पांढरी टोपी ठेवून सराव चालला. दिपमाला म्हणाली, "नाना, डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळालं की संपलं. काळोखातून मात्र चेहरा वर काढता येतो."

"म्हणजे पस्तीस वर्षं शिकलो ते विसरू?"

"विसरू नका. तळहात तोच, फक्त उन्हात धरा."

यंदाच्या सोमवारी ढगांतून कडक ऊन पडलं होतं. सगळे ओळीनं उभे राहिले. नानांचा हात सवयीनं सावलीतच गेला. चाचणीचा एक फोटो काढला तर पडद्यावर अकराच्या अकरा टोप्या लुकलुकू लागल्या. जळाल्याची खूण! तिकडे बायकांनी कानबाई डोक्यावर घेतली, वाजंत्री सुरू झाली. नानांनी हात उन्हात धरला, उजेड कमी केला. पुढच्या जमिनीवर एक पांढरं धोतर अंथरलं, म्हणजे खालून थोडा उजेड टोपीखालच्या चेहऱ्यांवर जाईल. ही युक्ती मात्र जुनीच. मग बटण दाबलं. चेहरे तरी काळपटच आले.

आबा पडद्यात डोकावले. "टोपी ते शे, पन मानूस कोठे शे?"

अंगण हसलं. नानाही हसले. "मानसं पाचोराले भेटतीन, आबा!"

पण स्टुडिओत पोहोचताच त्यांनी कॅमेरा थेट मुलीच्या हातात दिला. दिपमालानं कॉम्प्युटरवर सावली हळूहळू उजळली. एकेक चेहरा वर येऊ लागला, पूर्वी डार्करूमच्या ट्रेमध्ये यायचा तसा.

"थांब," नाना म्हणाले. "आता बस. टोपीखाली थोडी सावली राहू दे, नाहीतर ऊन खोटं वाटेल."

चौथ्या दिवशी फोटो आबांच्या हातात पडला. त्यांनी आधी टोप्या मोजल्या. अकरा. मग स्वतःच्या टोपीवर बोट ठेवून बायकोला हाक मारली, "सुंदरबाई, देख, तुनी घालेल शिवन दिखी राहिनी!"

सुंदरबाईंनी फोटो उन्हात नेऊन पाहिला.

"वाकडी शे ती," त्या कुरकुरल्या. "आते समदास्ले दिखी. नाना, पुढल्या साली येशी तवय मी नवी टोपी शिवी ठेवसू."