शेवटचा लॉट

वडशाच्या एका लाकूडवाल्या शेटजींनी मला एका इंग्रजी शब्दात फसवले.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. वडसा, गडचिरोली सगळे तेव्हा चांदा जिल्ह्यातच होते. आम्ही तळ्यात जाळी टाकणारे लोक, दारात कधी बैल नव्हता. मी दुसऱ्याची गाडी हाकून स्वतःची जोडी उभी केली आणि जंगलातून सागाचे ओंडके ओढू लागलो. भाव ठरवताना माझ्या तोंडाला कोणी लागत नसे. शेटजींनी जंगलाचा ठेका घेतला तेव्हा मी भाड्याऐवजी लाकूड मागितले. लाकूड हाती आले की गाडीवानाचा व्यापारी होणार होतो.

शेटजी म्हणाले, "शेवटचा लॉट तुझा."

लिलावामुळे हा शब्द आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. लॉट म्हणजे लाकडाची रास. मी हो म्हटले आणि हंगामभर नदीच्या वाळूतून गाड्या काढल्या. शेवटच्या खेपेला मुद्दाम सरळ, जाड साग आणला आणि डेपोत वेगळा रचला. शेटजी आले, माझी रास पाहिली आणि तिच्या बाजूला दुसरी लावायला सांगितली. वाकडे, आतून पोखरलेले ओंडके. मग खिशातून दोन चिठ्ठ्या काढल्या.

"उचल एक."

"काऊन? शेवटचा लॉट मले सांगतला होता ना तुमी?"

"अरे गड्या, लॉट म्हणजे नशीब. इंग्रजी आहे ते. या बाबूले विचार."

डेपोचा बाबू मॅट्रिक झालेला. त्याने जमिनीकडे पाहत मान डोलावली. "होते तसा अर्थ."

मी चिठ्ठी उचलली. पोखरलेली रास निघाली. दुसरी चिठ्ठी शेटजींनी न उघडता चुरगाळून डेपोतल्या विहिरीत टाकली. मी संतापाने ओंडक्याला लाथ घातली आणि माझाच अंगठा सुजला.

"लाथेनं लाकूड सरळ होत नाई, भाऊ," एक गाडीवान म्हणाला. सगळा डेपो हसला.

ते लाकूड मी टाकले नाही. पोकळ ओंडके मधोमध चिरले, कोरले आणि गुरांना पाणी पाजायच्या डोणी केल्या. बाजारात एकेका डोणीसाठी दुपार दुपार घासाघीस केली. त्याच डोणींवर माझा धंदा उभा राहिला. आजही या भागात कित्येक गोठ्यांत गुरे माझ्या डोणीत तोंड घालतात.

पण तो शब्द सलत राहिला. शाळेच्या गुरुजींकडे इंग्रजी शब्दकोश होता. एक डोण त्यांच्या गाईसाठी पोचवली आणि म्हटले, "गुरुजी, लॉट म्हणजे काय ते सगळं सांगा. काही सोडू नका."

गुरुजी वाचू लागले. वाटा. लिलावातली रास. जमिनीचा तुकडा. पुष्कळ. आणि नशीब. म्हणजे शेटजी खोटे बोलले नव्हते!

"अन् आला कुठून हा शब्द?"

गुरुजींनी बोट खाली सरकवले. फार पूर्वी विलायतेकडचे लोक खूण केलेले लाकडाचे तुकडे टाकून कोणता वाटा कोणाचा ते ठरवत. त्या तुकड्याचे नाव हे. तुकड्यावरून वाटा, वाट्यावरून रास, आणि वाट्याला येते ते नशीब.

मी खदखदून हसलो. गुरुजी घाबरले.

अहो, हे तर आमच्या तळ्याच्या पाळीवरचे, बांधावरचे! तळ्यातून मासे निघाले की आम्ही वाटे घालतो. जो तो आपली काडी देतो, कोणी सोललेली, कोणी मोडलेली. तोवर पाठ फिरवून बसलेल्याला त्या काड्या देतात. कोणती कोणाची हे त्याला माहीत नसते. तो एकेक काडी एकेका वाट्यावर ठेवत जातो; ज्याची काडी, त्याचा वाटा. वाटे घालणारा काडीला शिवत नाही. शिवला, तर त्या दिवशी त्याला मासा नाही. विलायतेच्या शब्दाचे मूळ आमचे आजे-पणजे मासळीच्या वासाच्या हातांनी चालवत आले, आणि मला त्याचा अर्थ शिकवायला निघाला कोण, तर लाकूडवाला!

शेटजी आता थकलेत. भेटले की अजून राम राम घालतात. मी घेत नाही.

लॉट म्हणजे नशीब, कबूल. मग शेटजी, रास तुम्ही लावली आणि चिठ्ठ्याही तुमच्याच खिशातून कशा निघाल्या? विहिरीत टाकलेल्या चिठ्ठीवर काय लिहिले होते? बाबू, तुम्हीही जमिनीकडे पाहू नका. दोघे तळ्याच्या पाळीवर या आणि माझ्या लोकांसमोर उत्तर द्या.