मेंढवाड्यातली चूल

माझ्याकडे परदेशी आलेल्या आईला मी राहतो त्या ल्यूकनहून डोंगरातला एक जुना मेंढ्यांचा फार्म दाखवायला नेलं. फाटकावरच्या बोर्डवर फार्मचा इतिहास होता, बक्षीस मिळवलेल्या मेंढ्यांच्या नावांसकट. आतल्या मेंढवाड्यात लेंड्यांचा खच आणि मुताचा भपकारा. मी दारातच नाकाला रुमाल लावला.

म्हातारा मेंढपाळ सहज म्हणाला, “हा मेंढवाडा आधी घर होतं. जमीनदाराने आठ माणसं हाकलली आणि मेंढ्या आणल्या.”

मी आईला मराठीत सांगितलं. भिंतीतली काजळलेली चूल दिसताच तिने उंबऱ्याशी चपला काढल्या आणि त्या घाणीत अनवाणी शिरली.

“शी! आई, काय करतेस?” मी ओरडलो.

“कुणाच्या स्वयंपाकघरात चपला घालून जातात का?”

फाटकाजवळच्या नळावर तिचे पाय धुताना मी बोर्डचं पहिलं वाक्य नीट वाचलं, आणि खरी किळस तेव्हा आली. ‘मेंढ्या येण्याआधी इथे कोणीच राहत नव्हतं.’