रत्नाबाईने पाहिलेलं डुक्कर

आमच्या आसगावात रत्नाबाईला ओळखत नाही असं कोणी नाही, पण तिच्याबद्दल कोणी दोन शब्द लिहिले असंही कधी झालं नाही. म्हणून मी लिहिते.

रत्नाबाई आंधळगावची लेक. लग्न होऊन इकडे आली त्याच उन्हाळ्यात शेजारच्या घरी देवकाबाई सून म्हणून आली. दोघींच्या अंगणांमध्ये तुराट्यांचं एक कुंपण आहे. त्यावरून भाजीची वाटी जाते, विरजण जातं आणि नजरही जाते. देवकाबाई गोरी, बोलायला गोड, भजनात पहिली ओळ तिचीच. रत्नाबाई सावळी, आवाज फाटका, पण कामात तिचा हात कोणी धरायचा नाही. कोणाकडे बाळंतीण असो की मयत, चुलीजवळ रत्नाबाई असायची आणि ओसरीत बायांमध्ये बसून बोलणारी देवकाबाई. मागून गाव म्हणायचं, "देवकाबाई आली होती बापा, किती धीर देल्ला तिनं!" भात कोणी शिजवला ते कोणी म्हणत नसे.

रत्नाबाई हे मनात ठेवून कुढणारी नव्हती. ती सरळ बोलायची. "तिले देवानं तोंड देल्लं, मले हात देल्ले. तोंड साऱ्याईले दिसते, हात राहते राखेत." बोलायची आणि पुन्हा कोणाच्या तरी चुलीजवळ जाऊन बसायची. तिचा जळफळाट गावाला पाठ होता. बाया त्यावरून हसत, तीही कधी कधी हसायची.

यंदा दिवाळी झाली आणि लवकर पिकणारा हलका धान कापून झाला. रत्नाबाईचा उशिरा पिकणारा भारी धान अजून उभा होता. तिच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, गावाच्या टोकाला, नाल्याला लागून आहेत. पलीकडे झुडपी जंगल. जमीन तिथे ओली राहते, हार्वेस्टर उतरत नाही, म्हणून कापणी दरवर्षी विळ्यानेच. त्या दिवशी बैलांसाठी धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं, गवत कापायला ती निघाली आणि सोबत देवकाबाईलाही घेऊन गेली.

झालं ते एवढंच. धानातून खसखस झाली आणि एक मोठं रानडुक्कर सरळ देवकाबाईच्या अंगावर धावून आलं. देवकाबाई मागच्या मागे चिखलात पडली. तिचा पदर बोरीच्या काट्याला अडकला, हात खरचटला, आणि तिने डोळे मिटून जी किंकाळी फोडली ती नाल्यापलीकडे गेली असेल. रत्नाबाईने सोबत आणलेला जेवणाचा डबा उचलला, त्यावर विळा बडवत "हाड हाड" करत ती पुढे धावली आणि पायातली चप्पल काढून डुकराच्या तोंडावर फेकली. डुक्कर वळलं आणि नाल्यात उतरून गेलं. तिने देवकाबाईला उठवलं, काट्यातून पदर सोडवला आणि खांद्याचा आधार देत चौकापर्यंत आणलं.

चौकात माणसं जमली. काय झालं, काय झालं. देवकाबाईच्या तोंडून शब्द फुटेना. "पानी आना कोनी," असं कोणीतरी म्हणालं. आता पाणी आणायला कोण जाणार? रत्नाबाईच गेली.

ती गेली तेवढ्यात सचिन आला. सचिन आमच्याच गावचा पोरगा. मोबाईलवर 'दणका वैनगंगा' नावाचं चॅनल चालवतो. आधी तो सप्त्याचे, कबड्डीचे व्हिडिओ टाकायचा, ते कोणी पाहत नसे. मग एकदा पवनीच्या रस्त्यावर उलटलेला ट्रक टाकला आणि तो जिल्हाभर पाहिला गेला. तेव्हापासून त्याला सरळ उभी असलेली गोष्ट दिसेनाशी झाली. त्याला एकट्याला काय बोलायचं म्हणा. सप्ता आम्ही पाहिला नाही, ट्रक आम्हीच पाहिला.

"काकू, वाघ होता का?" सचिनने मोबाईल धरून विचारलं.

"का जानू बाप्पा," देवकाबाई म्हणाली. "काहीतरी मोठ्ठं होतं. माया अंगावर आलं. पदर धरला माया..."

"पदर धरला वाघानं!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

बस. रत्नाबाई तांब्या घेऊन आली तेव्हा काम आटोपलं होतं. व्हिडिओत शेवटी पाण्याचा तांब्या पुढे करणारा तिचा हात तेवढा आला, मनगटापर्यंत.

दिवे लागायच्या वेळेस तो व्हिडिओ ज्याच्या त्याच्या मोबाईलवर वाजत होता. लाल अक्षरं, धाडधाड संगीत, कुठल्या तरी जंगलातला जबडा उघडलेला वाघ आणि त्याच्या बाजूला देवकाबाईचा फोटो. 'आसगाव हादरलं! वाघाच्या जबड्यातून रणरागिणी परतली!' दुसऱ्या दिवशी वनरक्षक आला. बांधीत फिरला, चिखलातले खुरांचे ठसे पाहिले आणि म्हणाला, इथं पंजा नाही, हे डुक्कर आहे. सचिनने त्याचाही व्हिडिओ केला. 'वनविभागाचे हात वर! गावकरी संतप्त!' आम्ही संतप्त आहोत हे आम्हाला तेव्हाच कळलं.

मग देवकाबाईकडे रीघ लागली. पवनीहून माणसं आली, वरठीहून जावई आला, महिला मंडळाने शाल आणि नारळ दिला. त्या कार्यक्रमाला रत्नाबाई होती, मागच्या रांगेत. देवकाबाई बोलायला उभी राहिली, आणि बोलणं तर तिचंच. "त्याचे डोळे असे निखाऱ्यासारखे, बाई..." रत्नाबाई शेजारणीच्या कानात म्हणाली, "डोये मिटून पडली होती रांड, निखारे कुठून दिसले?" शेजारीण फिसकन हसली. पुढच्या बायांनी वळून पाहिलं.

घरी येऊन तिने श्यामरावांवर राग काढला. श्यामराव तिचा नवरा, गुडघ्याने अधू, बोलायला मिस्कील.

"मी नसती त ते उठली असती काय तिथून?"

"नसती उठली."

"मंग माया नाव काहून नाही?"

"तुयी बी काढू ना बातमी. 'आसगाव हादरलं! महिलेनं पानी आनलं!'"

ती रात्री जेवली नाही.

संध्याकाळी मारोतीच्या देवळात ती दिवा लावायला येते, मीही जाते. त्या आठवड्यात एकदा ती देवासमोर उभी राहून मोठ्यानेच म्हणाली, "तुले त दिसलं ना? मंग झालं." पण झालं नव्हतं, तिच्या आवाजावरून कळत होतं. देवाला दिसलेलं पुरतं, असं आपण म्हणतो. शेजारणीला शाल मिळाली की ते म्हणणं कठीण जातं.

यात तिचा धान मात्र पिकून गेला. भारी धान पिकला की थांबत नाही, लोंब्या खाली वाकतात, वाऱ्याने दाणा झडून चिखलात जातो. ती चंदाकडे गेली. चंदा कापणीच्या बायांची म्होरकी, दरवर्षी तिच्याच बाया रत्नाबाईच्या बांधीत उतरतात.

"नाही बाई," चंदा म्हणाली. "माया सुनेचं लेकरू लहान आहे. तुया धानासाठी वाघाच्या तोंडात जाऊ काय आमी?"

"अवो, डुक्कर होतं ते! मी सोता चप्पल मारली त्याले."

"वाघाले चप्पल मारली?"

"डुकराले!"

चंदा इतर बायांकडे पाहून हसली. "रत्नाबाई, नाराज नोको होऊ. पन तुया पोटात काहून दुखून राहिलं ते साऱ्या गावाले मालूम आहे. तिले शाल भेटली, तुले नाही भेटली, म्हनून वाघाचं डुक्कर होते काय?"

रत्नाबाई माघारी फिरली. खरं सांगायला गेली होती, पण जळत होती हेही खरंच होतं. इतकी वर्षं तिने आपला जळफळाट गावाला हसत हसत ऐकवला, आणि आता तिच्या तोंडून निघालेलं खरंही गावाला त्यातलंच वाटलं.

मग ती सचिनकडे गेली. "लिव बाबू, डुक्कर होतं म्हनून."

"काकू, डुक्कर रोजच येते. कोन पाहीन ते?"

"पन खरं आहे ना."

"खरं आहे, त काय करू?" सचिन वाईट नाही, तिला त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला. थोडा विचार करून म्हणाला, "असं करू. तुमी तिथं होत्या ना? मंग तुमचा बी व्हिडिओ काढतो, सेपरेट. फक्त सांगा का वाघासंग बछडा बी होता. देवकाकाकूनं पाहिला नाही, तुमी पाहिला. चालन काय?"

तिने नाही म्हटलं नाही. "उद्या ये घरी," म्हणाली.

हे तिने नंतर मला स्वतःच सांगितलं, देवळाच्या पायरीवर बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दिवाळीचं लुगडं काढलं. डोक्याला तेल लावलं. अंगणात खाट झटकून ठेवली. बछडा कसा होता, कुठून आला, सगळं तिने रात्रीच मनाशी जुळवलं होतं. सचिनने मोबाईल धरला. "हं, काकू, सांगा."

तिने तोंड उघडलं, तर सचिनच्या मागे श्यामराव सायकलच्या दांड्याला विळा बांधताना दिसले. गुडघ्यावर फडकं गुंडाळलेलं. बायको काय सांगणार आहे ते त्यांना ठाऊक होतं. एकटेच कापायला निघाले होते.

"कुठं चालले?"

"कापतो जेवढा होते तेवढा. तुयं चालू दे."

एका वाघाने बाया येईनात, बछडा निघाला तर पुढच्या वर्षीही कोणी तिकडे पाय ठेवणार नाही, हे तिला तेव्हा दिसलं. ती उठली. "जा बाबू," सचिनला म्हणाली, "मले काही दिसलं नाही." आणि लुगडं न बदलताच कुंपणाला वळसा घालून देवकाबाईच्या दारात गेली. व्हिडिओ आल्यापासून ती त्या दारात गेली नव्हती.

देवकाबाई तांदूळ निवडत होती. शाल मागे दोरीवर टांगलेली होती.

"डुक्कर होतं," रत्नाबाई म्हणाली.

देवकाबाईने सूप खाली ठेवलं. "मी कवा म्हनलं वाघ? लोकच म्हनले."

"मंग 'वाघ नाही' असं कायले नाही म्हनलं?"

"तू कुठं होती सांगाले? मले त्या गर्दीत सोडून गेली पानी आनाले!" देवकाबाईचा आवाज एकदम चढला. "मले काय सुधरत होतं काय तवा? तू असती त तूच बोलली असती. आता जावयानं वरठीले साऱ्याईले दाखवलं. आता मी डुक्कर म्हनलं त लेकीले सासरी काय तोंड राहीन?"

रत्नाबाई दाराशीच बसली.

"माया धान झडून राहिला, देवका," ती म्हणाली. "बुढा एकटा गेला कापाले. त्याले वाकता येत नाही."

देवकाबाईने सुपातल्या तांदळावरून हात फिरवला. मग उठली आणि आढ्यातला विळा काढला. "चाल. पन डुकराचं नाव काढशील त अर्ध्या कापनीतून निंघून येईन."

"नाही काढत."

"मारोतीची आन?"

"मारोतीची आन. आजच्या कापनीत नाही काढत."

देवकाबाई चौकातून चालली ती मान वर करून. चंदा पिठाच्या चक्कीजवळ उभी होती. "कुठं वो देवकाबाई?"

"रत्नाच्या बांधीत."

"वाघ?"

"असन त असन. मी पाह्यला आहे त्याले. येनं असन त या, नाही त बसा घरी."

तिला वाघाने धरलं होतं आणि तीच निघाली. मग मागे राहायचं कोणी? चंदाच्या बाया एकेक करून विळे घेऊन निघाल्या. त्यांच्या मागे मोबाईल घेऊन सचिनही.

कापणी उतरत्या उन्हापर्यंत चालली. बाया ओळीने वाकल्या होत्या, देवकाबाईने गाणं धरलं, श्यामराव धुऱ्यावर बसून पेंड्या मोजत होते आणि बायांना चिडवत होते. सचिनने भरपूर व्हिडिओ काढला. धानात उभी देवकाबाई, हातात विळा. मागून रत्नाबाई डोक्यावर भारा घेऊन आली.

"काकू," सचिन म्हणाला, "थोड्या बाजूले व्हा ना. फ्रेममधी येऊन राहिल्या."

आपल्याच बांधीत रत्नाबाई बाजूला झाली. सगळ्या बाया तिच्याकडे पाहत होत्या. तिने भारा धुऱ्यावर टाकला आणि पुढचा बांधायला गेली. संध्याकाळी नवा व्हिडिओ आला. 'वाघालाही न घाबरणारी वाघीण पुन्हा त्याच शेतात!' तो पहिल्यापेक्षा जास्त चालला.

दुसऱ्या दिवशी उरलेला तुकडा निघाला आणि सगळा धान पुंजण्यावर, रचलेल्या गंजीवर, चढला. कापणी आटोपली की रत्नाबाई मजुरीखेरीज प्रत्येक बाईच्या पदरात ओंजळभर धान टाकते, तिच्या सासूची रीत. बाया पदर पसरून ओळीने उभ्या राहिल्या. देवकाबाई शेवटी होती. तिच्या पदरात रत्नाबाईने ओंजळ रिकामी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घे बाई. हा डुकराचा वाटा."

"सुरू झाली पुन्हा!" चंदा म्हणाली, आणि बाया खो खो हसल्या.

देवकाबाईने पदर मागे घेतला नाही. रत्नाबाईच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "डुकराचा झाला. आता वाघाचा बी टाक, बाया त्यानंच आनल्या."

रत्नाबाईचं तोंड आंबट झालं. पण ती वाकली, ओंजळ भरली आणि टाकली.