अभिजितचं एक मिनिट

मी बी.ए. आहे. कोणी विचारलं नाही तरी हे मी अजून सांगतो. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटवर पाहुणे आले की नात माझ्या आधीच बोलून टाकते, "वी नो, दादा, यू आर अ ग्रॅज्युएट." हसू दे तिला. तिच्या घरात जो तो ग्रॅज्युएट आहे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील बोटीवर इंजिनखात्यात खलाशी होते, सही करायला शिकले तेही बोटीवरच. आणि खरं सांगायचं तर कॉलेजची पायरी मीही चढलो नाही. माझं कॉलेज पोस्टाने आलं.

ही साठच्या दशकातली गोष्ट. अमिरात नावाचा देश तेव्हा व्हायचा होता. मी रत्नागिरीला मॅट्रिक करून दुबईला आलो आणि देऱ्यात, खाडीकाठच्या बाजारभागात, एका अरब व्यापाऱ्याच्या पेढीवर क्लार्क म्हणून लागलो. मालकाला सगळे अरबाब म्हणायचे, मीही म्हणायचो. राहायला मामूंबरोबर. मामू म्हणजे आईचे चुलतभाऊ. खाडीवर लाँच लागली की उतरणाऱ्या मालावर नजर ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. आम्हा दोघांची एक खोली, पुढे मातीचं अंगण, आणि अंगणाच्या पलीकडे शेजारच्या मोठ्या घराचा वारा खाली आणणारा बुरूज.

इंग्लंडातलं एक कॉलेज घरबसल्या डिग्री देतं असं कळलं आणि मी नाव घातलं. धडे विमानाने यायचे, उत्तरं विमानाने जायची. इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, एकेक पेपर मी एका इंग्रज अधिकाऱ्याच्या ऑफिसात पंख्याखाली बसून दिला आणि पास झालो. मग कॉलेजचा नियम आडवा आला. आर्ट्सची डिग्री हवी असली तरी एक सायन्सचा विषय पास करायलाच हवा. फिजिक्सला लॅब हवी, केमिस्ट्रीला लॅब हवी, बायॉलॉजीला बेडूक हवा. राहिली प्राथमिक खगोलशास्त्राची ओळख. तिला फक्त आकाश लागत होतं, आणि ते आमच्याकडे भरपूर होतं.

"तारे मोजायची डिग्री?" मामूंनी विचारलं.

"मोजायची नाही मामू. समजून घ्यायची."

"तुझ्या बापाने जन्मभर कोळसा ओढला, तो ह्याच्यासाठी!" असं म्हणून ते इतके हसले की शेजारी आला विचारायला.

मला वाटलं होतं, हा विषय म्हणजे दोन महिन्यांचं काम. पण पहिल्याच पुस्तिकेत एक वाक्य होतं आणि मी तिथेच अडकलो. कोणताही तारा आज ज्या जागी दिसतो, त्या जागी तो उद्या सुमारे चार मिनिटं आधी येतो. मी विचारात पडलो. सगळा उन्हाळा आम्ही अंगणात खाटा टाकून झोपायचो. वर तेच आकाश. रोज चार मिनिटं पळणारे तारे माझ्या डोक्यावरून गेले आणि मला पत्ता नाही? कोणी लिहिलंय म्हणून मी ते मानणार नव्हतो. आणि सुदैवाने प्रॅक्टिकलही तेच होतं: एक तारा निवडा, एक ठरलेली जागा धरा, तारा एखाद्या भिंतीआड कधी जातो ते पंधरवडाभर टिपा, आणि रोजचा फरक काढा. पुस्तकातला आकडा मागितला नव्हता, तुमचा मागितला होता.

मी अभिजित निवडला. शाळेच्या भूगोलात हे नाव वाचलेलं होतं, पुस्तिकेत त्याला वेगा म्हटलं होतं, आणि अरबाबला बोट करून दाखवला तर ते म्हणाले, तो तर आमचा नसर, गिधाड. एका ताऱ्याची तीन नावं. मला तो एकदम ओळखीचा वाटायला लागला. ऑक्टोबर होता. जेवण झालं की मी अंगणात एका दगडावर टाचा टेकून उभा राहायचो, आणि अभिजित बुरुजाच्या कडेमागे गेला की हातातल्या घड्याळाकडे बघायचो.

आता ह्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. तेव्हा आमच्या बाजारात दोन वेळा चालायच्या. बँकेत आणि इंग्रजांच्या ऑफिसात इंग्रजी वेळ. पेढीवर, मशिदीत, खाडीवर अरबी वेळ. अरबी वेळेचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. सूर्य बुडला, मगरिबची अजान झाली, की बारा वाजले. मग तासाने एक, दोन तासांनी दोन. मशिदीच्या दारात वुजू करून, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन, बाहेर आलेले लोक मनगट वर धरून घड्याळाची चावी फिरवायचे आणि काटे बारावर आणायचे. अरबाब करायचे, हमाल करायचे, मीही करायचो. वहाणा काढाव्यात तितकं सहज.

प्रॅक्टिकलला वेळ कुठली लिहायची, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. मी काही बिनडोक नव्हतो. मी असा विचार केला: अरबी अडीच वाजले काय नि इंग्रजी साडेआठ वाजले काय, मला हवा आहे दोन दिवसांतला फरक. फरक कुठल्याही घड्याळाने तोच येणार. विचार पटला, म्हणून कागदावर तसं काही लिहिलंही नाही, नुसते फरक लिहिले.

आणि फरक आला तीन मिनिटं. एखाद्या दिवशी जरा कमी, एखाद्या दिवशी जरा जास्त, पण पंधरवड्याचा हिशेब तीनच.

"पुस्तकात काय लिहिलंय?" मामूंनी विचारलं.

"चार."

"मग चार लिही. खलास. साहेब काय इथे अंगणात येऊन बघणार आहे?"

"पण मला तीन दिसले, मामू."

"तुला दिसले! पुस्तक लिहिणारा आंधळा होता काय?"

मी तीनच लिहून पाठवले. थोडा माज होता, कबूल. पण माज सोडला तरी मला खरंच जाणून घ्यायचं होतं की साहेब काय म्हणतो.

साहेबाला, म्हणजे कॉलेजात माझे कागद तपासणाऱ्याला, मी कधी पाहिलं नाही. तो माझ्यासाठी लाल शाई होता. त्याचं उत्तर नोव्हेंबरात आलं. तुमचा तारा रोज एक मिनिट उशीर करतो आहे, असं त्याने लिहिलं होतं. असा तारा आकाशात नाही. घड्याळ दुरुस्त करून घ्या आणि पुन्हा निरीक्षण करा. दुसरा कागदही असाच आला तर विषय नापास धरावा लागेल.

बाकीचे सगळे पेपर पास, आणि डिग्री एका मिनिटावर अडली. घरी मी कधीच कळवून टाकलं होतं की ह्या वर्षी मी ग्रॅज्युएट होणार. वडिलांनी ते गावभर सांगितलं होतं. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर थांबून ते एकेकाला सांगतात, असं आईने लिहवून घेतलेल्या पत्रात होतं.

मी घड्याळ घेऊन सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, कारागिराकडे गेलो. त्याने झाकण उघडलं, भिंग लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं. "घड़ी एकदम ठीक है. मालिक को दिखाओ, मालिक ठीक है क्या," असं म्हणून त्याने ते परत दिलं.

घड्याळाबद्दल पहिली तक्रार खरं तर मामूंचीच होती. त्यांचा शॉर्टवेव्हवरचा फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम रात्रीच्या जेवणानंतर लागायचा. घड्याळ एकच, माझं, म्हणून ते मला विचारून रेडिओ लावायचे. सगळा ऑक्टोबर त्यांची कुरकुर चालू होती: "हे रेडिओवाले दिवसेंदिवस आळशी होत चाललेत. गेल्या आठवड्यात ह्या वेळेला पहिलं गाणं संपलं होतं, आज अजून खरखर. नाहीतर तुझं घड्याळ पळतंय." मी लक्ष दिलं नव्हतं. मामू कशाबद्दलही कुरकुर करायचे. माशाबद्दल, मिठाबद्दल, इंग्रजांबद्दल.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा मी पुन्हा अंगणात उभा राहिलो. अभिजित आता बराच खाली उतरला होता, म्हणून बुरूज सोडून शेजारच्या गच्चीचा कठडा धरला. तोच तारा, तेच घड्याळ, तोच मी. आणि फरक आला चार मिनिटं. स्वच्छ चार.

मामूंनी दोन्ही हात वर केले. "बघ! तुझ्या ताऱ्याला अक्कल आली. टाक पोस्टात."

विमानाचं टपाल दोन दिवसांनी जाणार होतं. कागद तयार होता, साहेबाला हवा तो आकडा होता, आणि तो मी बनवलेला नव्हता, बघितलेला होता. पाठवला असता तर पास झालो असतो. मी पाकीट बंद केलं नाही.

"आता काय झालं?" मामू चिडले.

"तेव्हा तीन का आले, मामू?"

"तेव्हा तू चुकलास."

"कुठे चुकलो?"

"अरे, आता चुकला नाहीस ना? मग! लोक चूक दुरुस्त झाली की अल्लाचा शुक्र करतात, हा तिचा पत्ता विचारतोय!"

पहिल्यांदा मला वाटलं, खालचे तारे वेगळे चालत असतील. पुस्तिका उलटसुलट वाचली, तसं काही नव्हतं. मग वाटलं, बुरूज कललेला असेल. पण कललेला तर रोजच तेवढाच कललेला. संध्याकाळी पेढी बंद करून अरबाबच्या मागून मशिदीत गेलो, तरी डोक्यात तेच. अजान झाली. वुजू करून बाहेर आलो, सवयीने मनगट वर धरलं, चावी बाहेर ओढली, आणि काटे आधीच बारावर होते.

काल? कालही चावी ओढली होती, आणि फिरवायला काही नव्हतं. परवाही नाही. आणि ऑक्टोबरात? ऑक्टोबरात रोज काटा बाराच्या जरा अलीकडे असायचा आणि मी तो पुढे ढकलायचो. जरासाच. मिनिटभर.

मी तिथेच उभा राहिलो. माझ्या आजूबाजूला लोक मनगटं खाली करून आत निघाले होते. ऑक्टोबरात दिवस लहान होत होते, सूर्य रोज मिनिटभर आधी बुडत होता, आणि आम्ही सगळे, अख्खा बाजार, रोज मिनिटभर घड्याळ पुढे सरकवून त्याला गाठत होतो. तारा चार मिनिटं पळाला होता. त्यातलं एक मिनिट मी माझ्याच दोन बोटांनी मिटवलं होतं. आणि मामूंचा रेडिओ आळशी झाला नव्हता. तो इंग्रजी वेळेवर होता, आमची वेळ त्याच्यापुढे सरकत होती. ह्या दिवसांत दिवस लहान होत होता तो सकाळच्या बाजूने, सूर्यास्त जागचा हलत नव्हता, म्हणून काटा बारावर, म्हणून तारा चार, म्हणून मामू आठवडाभर गप्प!

"क्या हुआ? घड़ी मर गया?" अरबाबने दारातून हाक मारली.

"नहीं अरबाब. घड़ी ठीक है. सूरज खड़ा है."

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "यल्ला, नमाज," म्हणाले आणि आत गेले.

घरी येऊन मामूंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे माझं बरोबर होतं. तुझं घड्याळ पळत होतं." तेही खरं होतं.

त्या रात्री मी दुसरा कागद फाडला नाही, पहिलाही टाकला नाही. दोन्ही एकत्र ठेवले आणि वर साहेबाला पत्र लिहिलं. आमच्याकडे घड्याळ कसं लावतात ते लिहिलं. माझे पहिले तीन चुकलेले नव्हते, त्यात एक सूर्याचा होता, तो माझ्याकडून सांगायचा राहिला, असं लिहिलं. आणि मग, कोणी विचारलं नसताना, एक ओळ जास्त लिहिली: हे खरं असेल तर मार्चमध्ये, दिवस मोठे होत असताना, माझं घड्याळ मला चारपेक्षा जास्त दाखवेल. ही ओळ लिहिताना हात थांबला होता. साहेब चिडला तर? पण खोडली नाही. पाकीट चिकटवलं.

जानेवारीत उत्तर आलं. लाल शाईत तीनच ओळी. पहिली, विषय पास. दुसरी, अशी वेळ पाळतात हे आपल्याला माहीत नव्हतं. तिसरी, पुढच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण घालायची परवानगी द्याल का? माझी परवानगी! मी ते पत्र मामूंना वाचून दाखवलं, मग अरबाबना, मग शेजाऱ्याला, मग पुन्हा मामूंना. वडिलांना तार केली. पोस्टातला माणूस म्हणाला शब्द कमी करा, मी म्हटलं एकही कमी होणार नाही.

मार्चमध्ये मला कोणी काही विचारलेलं नव्हतं. डिग्रीचा कागद विमानातून येऊन पेटीत कपड्यांखाली ठेवलेला होता. तरी जेवणानंतर मी अंगणात गेलो आणि त्याच दगडावर टाचा टेकल्या. अभिजित नव्हता, म्हणून व्याध धरला, तो पश्चिमेला उतरत होता. मगरिबला काटे बाराच्या जरा पुढे गेलेले असायचे आणि मी ते मागे आणत होतो, आता जाणूनबुजून. आठवडाभर बघितलं. व्याध चाराच्या वर जात होता. थोडासाच, पण वर.

मी हिशेब करत होतो तेवढ्यात आतून रेडिओ लागला आणि गाणं अर्ध्यावरूनच सुरू झालं.

"बघितलंस?" मामू ओरडले. "आता हे रेडिओवाले लवकर यायला लागले!"