कल्पिताबाईंचा गणिताचा तास

आमच्या अंधेरीच्या शाळेत कल्पिता नोकरीला लागली तेव्हा तिची तिशी उलटली होती. ती वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. वडील हरेश्वर होडीवर, आई मथुरा बाजारात मासळी विकणारी. घरात सगळे कोळी बोलीतच बोलतात. पहिलीत असताना बाईंनी माशाचं चित्र दाखवून हे काय, असं विचारलं. तिने घरच्यासारखं 'म्हावरा' म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला. बाई रागावल्या नाहीत, 'मासा म्हण' एवढंच म्हणाल्या. पण त्यानंतर कितीतरी महिने कल्पिताने वर्गात तोंड उघडलं नाही. हे तिनेच मला सांगितलं, शिक्षकांच्या खोलीत डबा खाता खाता, अगदी सहज.

डीएड तिने मराठीतून केलं. शिक्षक पात्रता परीक्षेत मात्र इंग्रजीने तिला दोनदा अडवलं. तोवर लग्न झालं होतं, पदरात मुलगी होती. ती हात टेकायला आली तेव्हा नवरा अल्पेश म्हणाला, "आत्ता सोडलंस तर जन्मभर माझ्यावर डाफरशील. त्यापेक्षा पास हो." नातीला सांभाळायला मथुराने दुपारचा बाजार बंद केला. तिसऱ्या खेपेला कल्पिता पास झाली.

आमची शाळा सेमी इंग्रजी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीत. कल्पिताकडे तिसरीचं गणित आलं. मुलं इंग्रजीत उत्तरं धडाधड म्हणायची, पण त्याचा अर्थ विचारला की एकमेकांची तोंडं बघायची. म्हणून तिने आधी मराठीत समजावायचं आणि मग तेच इंग्रजीत बोलून घ्यायचं, असं सुरू केलं. पालकांत कुजबुज झाली. नितेश नावाचे एक पालक, टॅक्सी चालवणारे, थेट मुख्याध्यापकांकडे गेले. मुलीला इंग्रजी यावं म्हणून या शाळेत घातलं आणि बाई मराठीच बोलतात, असं त्यांचं म्हणणं. मुख्याध्यापक राजेश सरांनी कल्पिताला बोलावून पूर्ण तास इंग्रजीतच घ्यायला सांगितलं. तिने वाद घातला नाही. एका शनिवारी पालकांना वर्गात बसू द्या, मग तुम्ही म्हणाल तसं करते, एवढीच तिने विनंती केली.

सर तयार झाले. त्या शनिवारी तिने घरून तांदळाची भाकरी आणली. भाकरीचे दोन भाग केले. अर्धी, हाफ. मग अर्धीचे पुन्हा दोन केले आणि विचारलं, "घरी ह्याला काय म्हणता?"

"चतकोर!" पोरं एका आवाजात म्हणाली.

चतकोर म्हणजेच क्वार्टर, असं सांगून तिने पुढचा प्रश्न इंग्रजीत टाकला: यातलं मोठं कोणतं? एरवी गप्प असणारी भाविका उभी राहिली. ती नितेश यांचीच मुलगी. "हाफ इज बिगर," ती म्हणाली आणि कुणी न विचारताच तिने मराठीत कारणही दिलं: दोन चतकोर जोडले की अर्धी होते, म्हणून.

मी मागच्या बाकावर होते. तास संपल्यावर नितेश कल्पिताजवळ जाऊन म्हणाले, "बाई, आम्ही नुसतंच पाठ केलेलं. तुमच्या पद्धतीनेच शिकवा."

राजेश सर नंतर तिला म्हणाले की, तुम्ही जे करता त्याचं रीतसर शिक्षण असतं, ते घ्या. दोन भाषांतून शिकवण्याचा तो अभ्यासक्रम पार्ल्याच्या एका कॉलेजात होता. तिथले निबंध इंग्रजीत लिहायचे, पाठ परीक्षकांसमोर घ्यायचे. पहिला पाठ तिचा साफ फसला. घाबरून ती इंग्रजीतच बोलत राहिली आणि मुलं गप्प बसली. पुढच्या पाठाला तिने स्वतःची रीत धरली. गेल्या वर्षी ती चांगल्या गुणांनी पास झाली.

आता नव्या शिक्षिकांना शाळा चालवणारी संस्था आधी तिच्या वर्गात बसवते. तरी रोज सकाळी ती इंग्रजी वाक्यं मला म्हणून दाखवतेच. परवा एका नव्या शिक्षिकेने तिला विचारलं, इंग्रजीची ही भीती जाते कधी?

"माझी गेली की सांगते," असं म्हणून कल्पिता डस्टर घेऊन वर्गावर गेली.