चेहऱ्यावरची चिकूची धूळ

गोरं करायची क्रीम विकणाऱ्यांनी तिला फसवलं. माझ्या गोदामात, माझ्या डोळ्यांदेखत, माझाच चहा पिऊन फसवलं. हे आधी लिहून ठेवते. बाकीचं मग.

ती माझ्याकडे चिकू निवडायची. फळ हातात घेऊन अंगठ्याचं नख हलकंच ओढायची. खाली हिरवं दिसलं तर कच्चं, पिवळसर दिसलं तर तयार. एखादा व्यापारी "माल कच्चा आहे" म्हणून भाव पाडू लागला, की ती मान वर न करता म्हणायची, "नख लाव, मग बोल." शून्यातून धंदा उभा केलेली बाई मी, भावात कुणाच्या बापाचं ऐकलेलं नाही. पण हे वाक्य मी तिच्याकडून उचललं आणि कितीतरी सौदे त्याच्यावर मारले.

वेवजीच्या पाड्यावरून टमटमने यायची. दिवसभरात चिकूची तपकिरी धूळ तिच्या कपाळावर, गालांवर, पापण्यांवर बसायची. संध्याकाळी नळाखाली तोंड धुवून गोदामातल्या आरशात बघायची. आम्ही पेटी भरण्याआधी चिकू पाण्यात टाकून गोणपाटाने चोळतो, धूळ जाते आणि साल चमकते. त्यावरून म्हणायची, "बघ बेन, धुतला की मालाला कसा उठाव येतो!"

२०१६ च्या सुरुवातीला, थंडीत, एक कॅमेरावाला आला. "मॅडम, चिकूचे फोटो काढतोय. डहाणूचं नाव होईल." फोटो म्हटल्यावर ती नळाकडे पळाली. त्याने अडवलं.

"नको मावशी, तशाच बसा. आणि हसू नका."

"हसू नको? मी काय मयताला बसलेय?"

गोदामातल्या सगळ्या बायका खो खो हसल्या. जाताना त्याने तिला क्रीमची एक ट्यूब दिली. तिने झाकण काढून त्यात नख बुडवलं. "आतून तरी तयार दिसतंय," म्हणाली.

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरली आणि हायवेलगत तो बोर्ड लागला. जत्रेला गेला असाल तर तुम्हीही पाहिला असेल. डावीकडे तिचा धुळीने माखलेला चेहरा, खाली 'आधी'. उजवीकडे भलत्याच कुणा बाईचा दुधासारखा चेहरा, खाली 'नंतर'. चिकूचा पत्ता नाही. माझ्या गोदामातली धूळ, नळाच्या पाण्याने जाणारी, ती त्यांनी तिची कातडी म्हणून टांगली.

जत्रेत तिची शाळकरी मुलगी तिच्यासोबत होती. बोर्डापाशी थांबली, वर पाहिलं, आणि आईचा हात सोडून पुढे चालायला लागली.

"आता म्हणते, आये, शाळेत येऊ नको," तिने मला सांगितलं. हातातलं निवडणं थांबलं नव्हतं.

बाजारातली टवाळ पोरं ओरडायची, "ए आधी! नंतर कधी होणार?"

"अगं, ती धूळ होती. तुला माहीत आहे ना?" मी म्हटलं.

"मला माहीत आहे, बेन. पोरीला कोण सांगणार?"

ती ट्यूब संपली, मग दुसरी आणली. रंग हलेना. तेव्हा तिने आपलंच डोकं चालवलं: आधी वरची धूळ निघायला हवी. घरी ओल्या गोणपाटाने चेहरा चोळायला लागली. चिकूसारखा. पावसाळ्यापर्यंत गाल सोलून निघाले, उन्हात उभं राहवेना. डॉक्टरने क्रीम बंद करायला सांगितलं, तिने केली नाही. मी तिच्यावर खेकसले, "तू काय चिकू आहेस?"

तिने त्या लाल गालावर नख ओढलं. "अजून कच्चंच आहे, बेन." या वेळी कुणी हसलं नाही.

मी क्रीमच्या एजंटाच्या दुकानात जाऊन काउंटरवर हात आपटला. तो म्हणाला, "बेन, माझ्यावर का ओरडता? फोटो वरून येतात."

"वरून म्हणजे कुठून? आभाळातून?"

"कंपनीकडून." कंपनीला फोन लावला, तर तक्रार नोंदवली म्हणाले. अजून नोंदवतच असतील.

दिवाळीनंतर ती यायची थांबली. मी वेवजीला गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "गुजरातेत गेली, कारखान्यात. पोरीची शाळा सोडवली. तोंडाला ओढणी गुंडाळून गेली, डोळे तेवढे दिसत होते."

ओटीच्या छपराखाली तो बोर्ड होता. जत्रा उठल्यावर बोर्डाचा तो प्लास्टिकचा कपडा तिनेच मागून आणला होता, गळती अडवायला. छापलेली बाजू आत. 'नंतर' कापून टाकलेला. उरलेल्या चेहऱ्याच्या गालावर नखाचे ओरखडे, एकावर एक. शाई निघाली होती आणि खाली नुसतं पांढरं प्लास्टिक दिसत होतं.

मी इथे सौदा करायला बसलेली नाही. तिला "हसू नका" म्हणणारा तो कॅमेरावाला, त्याला पाठवणारा, आणि तो बोर्ड पास करणारा, तिघांनी यावं. तिच्या मुलीला शोधावं, त्या छपराखाली उभं करावं आणि आपल्या तोंडाने सांगावं, की ही तुझी आई नव्हे, ही धूळ आहे, आणि हे आम्हाला माहीत होतं. बोला, कोण येतो?